टपावर जबडा बांधून उमापूरच्या पुढे

वैजूचा फोन आला तेव्हा मी गाडी धूत होते. तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या गाडीला टपावर कॅरियर आहे ना?" मी हो म्हणाले. कशाला, ते आधी विचारायला हवं होतं. पण मी हो आधी म्हणते आणि भांडते नंतर, हे माझ्या नवऱ्याला आणि या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

वैजू माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता पुण्यात लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या एका गावी तिला मुलांच्या दातांचं शिबिर घ्यायचं होतं आणि ते दिवाळीच्या आधीच घ्यायचं होतं. कारण तिथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. एकदा ट्रॅक्टर निघाले की पोरंही आईबापाबरोबर सहा महिने उसाच्या फडात, कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या, पाचटाच्या झोपडीत. तिथं दात दुखला तर दुखतच राहतो. इथवर सगळं शहाण्यासारखं होतं. मग तिनं कॅरियरवर काय बांधायचं ते दाखवलं.

तो एक जबडा होता. फायबरचा, गुलाबी हिरड्यांचा, जेवणाच्या टेबलाएवढा. कुठल्याशा प्रदर्शनाच्या भंगारातून तिनं तो उचलून आणला होता. बिजागरीवर उघडतो, मिटतो, आणि एकेक दात नारळाएवढा, मागून स्क्रूनं बसवलेला. "मुलांना नीट समजतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "मुलांचं सोड, हायवेवरच्या लोकांना काय समजेल?" पण तोवर तिनं दोरखंड सोडवायला घेतला होता.

ज्यांना या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. पुण्याहून उजाडायच्या आत निघावं, म्हणजे नगरच्या आधी ट्रकांची गर्दी लागत नाही. नगरवरून शेवगाव, शेवगावहून गेवराईचा रस्ता धरायचा, बोधेगावनंतर उमापूर. शेवगावपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मधूनमधून रस्ता आहे आणि मधूनमधून त्याची आठवण आहे. प्रत्येक खड्ड्याला टपावरचा जबडा उघडायचा आणि खाडकन मिटायचा. मागच्या मोटारसायकलवाल्यांनी अंतर ठेवलं होतं, तेवढं अंतर आपल्याकडे एरवी कुणी ठेवत नाही.

टोलवरच्या मुलानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"वर काय आहे?"

"दात," मी म्हणाले.

"कुणाचे?"

वैजू पलीकडून ओरडली, "सगळ्यांचे!" त्यानं फाटक वर केलं. त्याचं समाधान झालं असावं किंवा तो घाबरला असावा.

बोधेगावच्या पुढे एका टपरीवर भजी आणि चहा घेतला. दोघींचं शंभराच्या आत भागलं, मिरची मात्र सांभाळून खा. आम्ही खात होतो तोवर गाडीभोवती पंधरा-वीस माणसं जमली. निवडणुका तोंडावर होत्या. एक आजोबा जबड्याकडे बघत शेजारच्याला म्हणाले, "दात निशाणी कुणाला भेटली बे?" शेजारचा म्हणाला, "अपक्षाला असंल. बाकीच्यांचे दात आतल्या बाजूला असतेत." हे ऐकून माझा सगळा राग गेला. ज्या भागात लोक असं बोलतात तिथं दोन दिवस आनंदात जातील असं मला वाटलं.

उमापूरच्या पुढे एका फाट्यावरून आत वळलं की गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, आणि गावाच्या तोंडाशी आमच्या स्वागताला अण्णा. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, माजी सरपंच आणि त्यांच्या स्वतःच्या मते भावीही. शिबिराची जागा, जेवणखाण, मांडव, सगळं त्यांच्याकडून. त्यांनी वैजूला हार घातला, मला घातला, आणि एक हार उरला म्हणून तो शिडी लावून जबड्याला घातला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार?

जेवण मात्र असं होतं की त्यासाठी पुन्हा जाईन. येसरची आमटी, ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ. आमटी बेताबेतानं भुरकायची असते, मी घाईनं भुरकली आणि दहा मिनिटं रडले. अण्णांचा सहा वर्षांचा नातू युवराज समोर बसून माझ्याकडे बघत हसत होता. हसला तेव्हा दिसलं, त्याचे पुढचे चारही दात काळे खुंट. मागच्या दोन दाढांवर चमचमत्या स्टीलच्या टोप्या होत्या, शहरातून बसवून आणलेल्या. अण्णांनी त्याचं तोंड उघडून अभिमानानं दाखवलं. "चांदी हाय," म्हणाले, आणि खिशातून एक चॉकलेट काढून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव. वैजूचं यंत्र छोट्या सुटकेसमध्ये मावतं, पण त्याला वीज लागते. वीज सकाळीच गेली आणि दुपारनंतर येईल असं सगळ्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की आम्हीच उतावळ्या ठरलो. मग कुणीतरी डीजेवाल्या गणेशला उठवून आणलं. त्याच्या टेम्पोवर मोठा जनरेटर होता. पण एक अडचण होती.

"जनरेटर चालू झाला की शिस्टम चालू होती," गणेश म्हणाला. "वायरिंगच तसली हाय."

"मग गाणं बंद ठेव की," वैजू म्हणाली.

"म्याडम, बटन लग्नातच तुटलंय."

तर मंडळी, अशा रीतीनं बीड जिल्ह्यातलं ते दंतशिबिर हळदीच्या गाण्यांवर पार पडलं. ड्रिल सुरू करायचं तर डीजे, डीजे थांबवायचा तर ड्रिल बंद. मी वैजूची मदतनीस होते. ती ओरडून कापूस मागायची, मी ओरडून कुठला ते विचारायचे. पण एक गोष्ट घडली. दवाखान्यात पोरं त्या ड्रिलच्या आवाजालाच भितात म्हणे, आणि इथं तो आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. पोरं नाचत रांगेत पुढे सरकायची, नाचतच खुर्चीत बसायची. खुर्चीत बसल्यावर मात्र नाचायचं नाही, एवढा एकच नियम वैजूनं केला होता.

हलणारे, पार सडलेले दुधाचे दात ती काढत होती आणि औषधाच्या पाण्यानं भरलेल्या एका स्टीलच्या वाडग्यात टाकत होती. तिथंच आमची चूक झाली, पण ती दुपारी कळली.

अकराच्या सुमाराला पायल आली. सात वर्षांची, कडेवर वर्षाचा भाऊ सोन्या, सोन्याच्या तोंडात बाटली, बाटलीत चहा. मागे तिची आई सुनीता. पायलनं डावा गाल तळहातानं दाबून धरला होता. सुनीतानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टरीनबाई, काढून टाका. उद्या सकाळी टॅक्टर निघतोय. रातभर मिश्री लावून ठेवलीती, तरी थांबंना."

वैजूनं आत बघितलं, आरसा फिरवून पुन्हा बघितलं. वैजू दोनदा बघते तेव्हा मला काळजी वाटते. मग ती मांडवात उतरवून ठेवलेल्या जबड्यापाशी गेली, हार बाजूला सारला, आणि मधल्या दातापासून बोटानं मोजत सहाव्या दातापाशी थांबली.

"हा दात दुधाचा नाही," ती म्हणाली.

"सात वर्षाची पोर हाय," सुनीता म्हणाली. "सगळे दुधाचेच की. पडंल, परत यील."

रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. डॉक्टरला एवढंही कळू नये? मग वैजूनं डीजे बंद करायला लावला, म्हणजे जनरेटरच बंद करावा लागला, आणि त्या शांततेत तिनं जबडा उघडून दाखवला. ही दाढ सहाव्या वर्षी येते. तिच्या आधी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आलेली कुणाला कळतच नाही. सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येऊन बसते. आणि ती एकदाच येते. काढली तर जन्मभर तिथं खड्डा. नस सडायच्या आत वरचा भाग साफ करून औषध भरलं आणि टोपी बसवली तर एका बैठकीत वाचेल. बाया हसायच्या थांबल्या. दोघीतिघींनी आपापल्या पोरांची तोंडं उघडून मागची दाढ मोजायला घेतली.

"शहरात ही पोरगी आली असती तर काढायचा विषयच निघाला नसता," वैजू हळू आवाजात मला म्हणाली. "शिबिरात काढणं फुकट असतं ना, वाचवणं नसतं." ती चिडली होती. मीही चिडले, पण कुणावर ते मला कळेना.

सुनीताला तिनं बाटलीबद्दल विचारलं. सुनीतानं सरळ सांगितलं, "फडात दूध कुठनं आणू? ही पायल बी फडातच जन्मली. मी तोडायला, ती पाचटावर. रडली की च्या. आता सोन्याला ती सांभाळती. त्यानं रडून कसं भागंल?" तिच्या बोलण्यात कसलीही तक्रार नव्हती. अण्णा पलीकडे खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर युवराज, तोही चार वर्षांचा होईपर्यंत चॉकलेटच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपलेला. पायलचे आणि युवराजचे पुढचे दात एकाच मापाचे काळे. एकाला लाडानं बाटली मिळाली, एकीला नाइलाजानं, आणि कीड दोन्हीकडे सारखी लागली.

वैजूनं टोप्यांची डबी उघडली. दुधाच्या दाढांच्या पुष्कळ होत्या. त्या मोठ्या दाढेच्या मापाची एकच होती.

अण्णा उठून आले. "ती आमच्या युवराजला ठरलीती," ते म्हणाले. "फोनवर बोललतो तुमाला. त्याची बी नवी दाढ किडलीय."

"अण्णा, त्याच्या दाढेला बारीक भोक आहे. सिमेंट भरलं की झालं."

"आमच्या पोराला सिमेंट, अन् तिला चांदी?"

आदल्या रात्री ज्यांची आमटी भुरकली त्यांच्याशी भांडायचं कसं, असा प्रश्न मला पडला. वैजूला पडला नाही. ती अतिशय आदरानं म्हणाली, "बसवते ना, अण्णा. आधी त्याची चांगली दाढ चारही बाजूंनी घासावी लागेल. त्याआधी सुई." आणि तिनं सुई वर धरून टोचायच्या आधी काढतात तसा एक थेंब काढून दाखवला.

युवराजनं सुई पाहिली. पुढच्या क्षणी तो मांडीवर नव्हता. शाळेमागच्या कडुलिंबावर तो कसा चढला ते कुणीही पाहिलं नाही, पण वरून आवाज स्पष्ट येत होता. "मला न्हाई पायजे चांदी! कावून देताय मला? तिलाच द्या!"

पायल खुर्चीत बसली. सुई टोचली तेव्हा तिनं सोन्याचा पाय घट्ट धरून ठेवला. गणेशनं जनरेटर सुरू केला, नवरी मांडवात आल्याचं गाणं लागलं, आणि वैजू त्या इवल्याशा तोंडात वाकली. दाढ उघडली, कीड काढली, आतलं साफ झालं. औषध भरायचं बाकी होतं आणि गाणं मधेच थांबलं. ड्रिल थांबलं. वैजूचा दिवा विझला.

"डिझेल संपलं," गणेश म्हणाला.

उघडी दाढ, तोंडात कापूस, आणि सकाळी ट्रॅक्टर. मला खरंच रडू यायला लागलं होतं, आणि या वेळी येसरचा काही संबंध नव्हता. वैजू म्हणाली, आत थुंकी गेली तर सगळं वाया जाईल, मग काढावीच लागेल. मांडवातल्या सगळ्या बाया अण्णांकडे बघायला लागल्या. कुणी मागितलं नाही, कुणी हात जोडले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. पन्नास-साठ बाया, आणि निवडणूक तोंडावर. अण्णांनी एकदा कडुलिंबाकडे पाहिलं, एकदा बायांकडे.

"बघत काय बसलाय बे!" ते गणेशवर खेकसले. "माझ्या टॅक्टरातलं काढ की!"

टोपी बसली. चमकली. पायलनं आरशात बघितलं, आणि मग सोन्याला दाखवलं. सोन्यानं तिच्या तोंडात बोट घातलं.

आता वाडग्याची गोष्ट. तीनच्या सुमाराला बायांची दुसरी रांग लागली. "आमच्या पोराचा दात द्या." या भागात पडलेला दुधाचा दात शेणात गुंडाळून आपल्या घरावर टाकतात, म्हणजे नवा सरळ येतो. आपला दात, आपलं घर. आणि इथं सगळ्या गावाचे दात एका वाडग्यात! वैजू म्हणाली की नियमानं ते दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला हवेत. हे तिनं एकदाच म्हटलं.

"आमच्या माडीवर कुणाचा भलताच दात नको," अण्णा म्हणाले. युवराज तोवर उतरला होता, एक हलणारा दात देऊन मोकळाही झाला होता.

"आमाला तरी कुठं पायजे तुमच्या नातवाचा?" मागून एक बाई म्हणाली. "चाकलेटानं सडलेला. तसलाच आमच्या पोराला आला मंजी?"

सगळे वैजूकडे बघायला लागले. ती डॉक्टर, तिनं ओळखायचा. तिनं वाडग्यात बराच वेळ बघितलं. "मला नाही ओळखता येत," ती म्हणाली. "सगळे सारखेच किडलेत." शेवटी तोडगा निघाला की दात शाळेच्या छपरावर टाकायचे. शाळा सगळ्यांची, जो ज्याचा असेल तो त्याला पोचेल. शेणाचे गोळे झाले, आणि पोरांनी ते छपरावर फेकले. निम्मे वर गेले, दोन मास्तरांना लागले. मला ही सगळी व्यवस्था तेव्हा फारच न्याय्य वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर वेशीवर ट्रॅक्टर उभा. दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं. आणि खाली पायल, रडून लाल झालेली, ट्रॉलीत चढायला तयार नाही. तिचा बाप एकदा समजावत होता, एकदा हात उगारत होता. सुनीतानं आम्हाला सांगितलं, "सगळ्यांनी दात टाकले, हिनं न्हाई टाकला. म्हनती, मंग माझा टोपीचा दात टिकायचा न्हाई. आता हिला दात कुठनं देऊ?"

मुकादम भोंगा वाजवत होता. वैजूनं माझ्याकडे पाहिलं, मी टपाकडे. बोधेगावच्या खड्ड्यांनी जबड्याची डावीकडची तीच सहाव्या नंबरची दाढ तशीही खिळखिळी झाली होती. मी टपावर चढले, स्क्रू फिरवला आणि ती नारळाएवढी दाढ खाली पायलच्या हातात दिली.

सगळी वरात त्यांच्या घरापाशी गेली. एक खोली, वर पत्रे, दाराला नुकतंच लावलेलं कुलूप. दाढेला फासायला चांगलं पाटीभर शेण लागलं. बापानं पायलला खांद्यावर घेतलं, तिनं दोन्ही हातांनी दाढ फेकली. पत्र्यावर असा आवाज झाला की ट्रॉलीतल्या शेळ्या ओरडल्या. ती घरंगळली, आता खाली येणार असं वाटलं, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यावर ठेवलेल्या दगडांत अडकून बसली. पायलनं डोळे पुसले आणि स्वतःच ट्रॉलीत चढली. वैजूनं तिला एकच काम सांगितलं, सोन्याला झोपताना बाटलीत नुसतं पाणी, चहा दिवसा, पेल्यातून. "रडंल तो," पायल म्हणाली. मग सोन्याला कडेवर सरकवत म्हणाली, "बगते."

परतताना बीडकडून यायचं असेल तर वाट वाकडी करून नारायणगडाला जा. उंचावर आहे, वारा छान, पायऱ्यांवर बसून डबा खाता येतो. आम्ही खाल्ला. खाली गाडीभोवती लोक जमून दाढेच्या खड्ड्याबद्दल हळहळत होते. गावच्या वेशीवर निघताना पाहिलेला फ्लेक्सही सांगायला हवा, रातोरात छापून आलेला. एका बाजूला हात जोडलेले अण्णा, दुसऱ्या बाजूला पायलचं उघडं तोंड, आणि खाली लिहिलेलं, 'अण्णांच्या प्रयत्नांतून गावात पहिली चांदी.' मी चिडून फोटो काढला आणि मग खूप वेळ हसत राहिले. डिझेल त्यांचंच होतं, हे नाकारता येत नाही.

घरी येऊन बरेच दिवस झाले. जबडा वैजूच्या दवाखान्यात आहे. मुलं विचारतात, ही दाढ कुठे गेली, आणि ती खरं ते सांगते.

परवा मी तिथंच बसले होते तेव्हा फडातून फोन आला, सुनीताच्या मोबाइलवरून पायल. दात दुखत नाही. सोन्या चार रात्री लई रडला, आता पाण्यावर झोपतो. मग तिनं विचारलं, "पत्र्यावर हाय का आमची दाढ?" आम्ही अण्णांना विचारलं होतं. दाढ आहेच, शिवाय गावातली पोरं आता आपले दात तिथंच टाकतात, मोठ्या दाढेपाशी. युवराजनंही टाकला. कुलूप लावलेल्या त्या एका खोलीवर सगळ्या गावाचे दात. हे ऐकून ती इतकी हसली की आम्हाला फोन लांब धरावा लागला.

मग ती म्हणाली, "हितल्या पोरांचे बी पडतेत, ताई. पर कोपीला पत्रा न्हाई, पाचट हाय. वर टाकला की परत आत पडतोय. त्यांनी कुठं टाकायचा?"

या ब्लॉगवर तुम्ही मला विचारता, कुठे राहायचं, कुठे जेवायचं, कुठून वळायचं, आणि मी फटाफट सांगते. पायल फोनवर वाट बघत होती. मी वैजूकडे पाहिलं, आणि वैजू हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जबड्यातल्या उरलेल्या दातांकडे बघत होती.